सोलापुरातलं समुद्राचं शिबिर: गणित पक्कं, तिथी चुकली

समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवर, सर्वांत जवळच्या किनाऱ्यापासून रात्रभराच्या प्रवासावर, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत मुलांना समुद्र शिकवायचा, हे ऐकून सोलापूरकर आधी हसतो. जुळे सोलापुरात यंदा भरलेल्या गणित आणि सागरविज्ञानाच्या शिबिराचं हे परीक्षण. नववीत जाणाऱ्यांपासून अकरावीपर्यंतच्या मुलामुलींसाठी बारा दिवस सकाळी ७ ते ११ वर्ग, त्यातला एक दिवस हिप्परग्याच्या तलावावर, आणि शेवटी तीन दिवस रत्नागिरी. शुल्क ११,५०० रुपये. प्रवास, मुक्काम, जेवण त्यातच. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण बोलायचं आहे ते शिबिराच्या आखणीबद्दल. मत आधीच सांगून टाकतो: गणितासाठी मुलाला डोळे झाकून पाठवा. समुद्रासाठी पाठवणार असाल तर पैसे भरण्याआधी पंचांग उघडून मुक्कामाच्या तारखा बघा. का, ते पुढे येईलच.

शिबिराचा कणा म्हणजे भरती-ओहोटीचे पहिले चार दिवस, आणि ते फार चांगले बसवले आहेत. सातवीच्या भूगोलात उधाणाची भरती (अमावास्या-पौर्णिमेची, मोठी) आणि भांगाची भरती (अष्टमीची, लहान) सगळेच वाचतात. चंद्र-सूर्याची आकृती काढून पाच गुण मिळवतात आणि विसरतात. इथे सुरुवात आकृतीने नाही, तिथीने होते. कोकणातल्या दर्यावर्दींचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो वा वद्य, आकडा तोच. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, घरोघरी ते भिंतीला किंवा कपाटात असतंच, त्यामुळे पहिल्या दिवसाचा गृहपाठ असा: घरचं पंचांग घ्या, आजची तिथी बघा, रत्नागिरीला भरती किती वाजता ते सांगा. दुसऱ्या दिवशी भरतीच्या छापील तक्त्याशी ताळा. बहुतेकांचं उत्तर पाऊण तासाच्या आत येतं, आणि समुद्र न पाहिलेल्या पोरांचे चेहरे तिथेच खुलतात.

मग खरा प्रश्न: पाऊणच का? एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो. पृथ्वीला तेवढं फिरायला अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने ४८ मिनिटं लागतात. म्हणजे गुणक खरं तर ०.८ हवा, तोंडी हिशेबाला सोपं म्हणून ०.७५ धरतात. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत ती ४५ होतात. म्हणूनच आडाख्याने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि साध्या सिद्धान्ताने बाराला. प्रत्यक्षात प्रत्येक बंदराचं स्वतःचं अंतर असतं, किनाऱ्याच्या आकारावर आणि खोलीवर अवलंबून; ते सिद्धान्तातून निघत नाही, मोजावंच लागतं. हा शेवटचा मुद्दा शिक्षकांनी घाईत उरकला. वास्तविक तो मुलांना सर्वांत जास्त हवा होता, कारण 'सूत्र बरोबर असूनही उत्तर का चुकतं' हे शाळेत कुणी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी कोसाइन येतो. चंद्राची मुख्य भरती १२.४२ तासांनी परत येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. तासाला अंशांत मांडलं तर पहिली २८.९८४ अंश, दुसरी ३० अंश. रेडियन हे कोनाचं दुसरं एकक अकरावीत येतं, म्हणून अंशांतच ठेवलं हे उत्तम. मुलांनी दोन्ही वक्रांचे आकडे कॅल्क्युलेटरवर काढायचे, बेरीज करायची, आलेख कागदावर पंधरा दिवस मांडायचे. दोन लाटांतला फरक तासाला १.०१६ अंश, ३६० ला त्याने भागा, ३५४ तास येतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा काळ मुलांच्या हातून कागदावर उमटतो. शिबिरातला हा सर्वांत भारी तास.

इथे काय काय बिघडतं हेही सांगायला हवं. कॅल्क्युलेटर अंशांवर नसून रेडियनवर असेल तर आलेख वेडावाकडा येतो. दर चार मुलांत एकाचं हे होतंच. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी कोसाइन ६० काढून बघावा, अर्धा आला तर पुढे जावं. दुसरी चूक पूर्णांकाची. १२.४२ ऐवजी साडेबारा धरलं तर पंधरा दिवसांत भरतीची वेळ सव्वादोन तासांनी चुकते. २८.९८४ ऐवजी २९ धरलं तर चूक जेमतेम बारा मिनिटं. आणि 'साधारण बाराच तास की' म्हणून १२ धरलं तर चंद्र-सूर्य एकाच चालीने चालतात, उधाण आणि भांग दोन्ही गायब! दशांश चिन्हानंतरचे आकडे कशासाठी ठेवायचे, यावर याहून चांगलं व्याख्यान नाही. फळ्यावर हे तीनही आलेख शेजारी शेजारी लावले होते.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात. कारण बारा-बारा तासांच्या लाटांबरोबर दिवसातून एकदाच येणाऱ्या लाटाही मिसळलेल्या असतात. तिथीचा आडाखा वेळ सांगतो, उंची सांगत नाही. हे न सांगता मुलांना तक्त्याशी उंची जुळवायला लावली, आणि एक दिवस वैतागात गेला.

पाण्याच्या खारटपणाचा तास बघण्यासारखा होता, पण चुकीच्या कारणाने. कृती अशी दिली होती: एक लिटर पाणी, ३५ ग्रॅम मीठ, ढवळा, हायड्रोमीटर (घनतेवरून खारटपणा दाखवणारी तरंगती नळी) सोडा, ३५ वाचा. कुणाचंही ३५ आलं नाही. सत्तावीसच्या आसपास आले. मुलांनी मानलं की तराजू खराब. तराजू ठीक होता. चुका तीन होत्या आणि तिन्ही एकाच दिशेच्या. एक: समुद्राचा खारटपणा किलोभर द्रावणात किती ग्रॅम क्षार असा मोजतात, लिटरभर पाण्यात किती असा नाही. एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम घातले की द्रावण १,०३५ ग्रॅम होतं, खारटपणा ३३.८. पाहिजे तर ९६५ ग्रॅम पाणी घ्यावं, तेही मापाने नाही, वजनाने. दोन: घरचं मीठ म्हणजे समुद्राचे क्षार नव्हेत. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या मिठाच्या पाण्याची घनता थोडी कमी भरते. तीन, आणि ही मोठी: हायड्रोमीटरवर २० अंश सेल्सिअस असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सोलापुरात मे महिन्यात सकाळी दहाला बादलीतलं पाणी ३५ अंशांना पोचलेलं असतं. १५ अंशांच्या या फरकाने पाणी प्रसरण पावतं, घनता हजारात चारपाचने घटते, आणि खारटपणाचं वाचन पाच-साडेपाचने खाली येतं.

उपाय खर्चाचा नाही. नमुन्याची बाटली माठातल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, तापमापी लावून वाचन घ्यावं, आणि २५ अंशांवरचं वाचन दुरुस्तीच्या तक्त्याने सुधारावं. वर्गात एक रिफ्रॅक्टोमीटरही (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) होता. त्यावर 'आपोआप तापमान दुरुस्ती' असं लिहिलेलं असलं तरी ती बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते, पस्तिसात तिच्यावर विसंबू नये. शून्य लावायला बोअरचं पाणी वापरलं होतं, तेही नको. सोलापुरातलं बोअर म्हणजे अर्धी भिंत उभी राहील इतके क्षार. औषधाच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यानेच शून्य लावावा. खरं तर हा तास फसला म्हणूनच मोलाचा होता. पण तो फसला का हे उलगडून सांगायला शिक्षकांकडे वेळ ठेवला नव्हता. पुढच्या वर्षी त्याचे दोन तास करा.

शेंगदाण्यांच्या प्रयोगाला पैकीच्या पैकी गुण. समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, मग किती आहेत हे कसं ठरवायचं? पातेलंभर शेंगदाणे घ्यायचे, त्यातले ६० काढून शाईचा ठिपका द्यायचा, परत टाकून चांगलं हलवायचं. मग ५० काढायचे. त्यात १२ ठिपक्याचे निघाले तर एकूण अंदाज ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे २५०. नंतर प्रत्यक्ष मोजून ताळा करायचा. पातेलं नीट हलवलं नाही तर ठिपक्याचे वरच राहतात आणि अंदाज फार कमी येतो. तसेच खऱ्या माशांचे थवे नीट मिसळले नाहीत तर काय होईल, हे मुलांनी आपणहून विचारलं. दुसऱ्या खेपेला ठिपक्याचे तीनच आले तर उत्तर एकदम हजारावर जातं. छेदातला आकडा लहान असला की उत्तर किती बेभरवशाचं होतं, ते बोटांनी कळतं. हलकी शाई वापरू नका. ओल्या हाताने ठिपका पुसला जातो, मग अंदाज फुगतो. (प्रयोगाचे शेंगदाणे चटणीत घालू नयेत हे वेगळं सांगायला नको, तरी सोलापूर असल्याने सांगतो.)

हिप्परग्याचा दिवस. एकरूखचा हा तलाव तुळजापूर रस्त्यावर, गावाजवळ, म्हणून सोयीचा. समुद्र नाही, पण पद्धती त्याच. सेक्की तबकडी ही १८६५ मध्ये इटलीत अँजेलो सेक्की यांनी वापरात आणलेली साधी पांढरी थाळी. ती दोरीने पाण्यात सोडायची, जिथे दिसेनाशी होते ती खोली लिहायची, वर ओढताना जिथे पुन्हा दिसते तीही लिहायची, दोहोंची सरासरी. समुद्रासाठी ३० सेंटीमीटर पांढरी, तलावासाठी २० सेंटीमीटर काळी-पांढरी चौकटीची. शिबिराने दोन्ही आणल्या होत्या, शाबास. या खोलीच्या पावणेतीनपट खोलीपर्यंत प्रकाशाचा एक टक्का पोचतो, हा हिशेबही घातांकाने शिकवला.

पण वेळ चुकली. वाचन सकाळी साडेसातला घेतलं. सूर्य खाली असला की किरण तिरपे, बराच उजेड पृष्ठभागावरूनच परततो आणि तबकडी लवकर नाहीशी होते. दहा ते दोनमधली वेळ हवी, होडीच्या सावलीच्या बाजूने, ओणवं होऊन. उन्हाची भीती खरी आहे. मग दहा ते अकरा एवढाच एक तास ठेवावा, टोप्या आणि सरबत घेऊन. मे महिन्यात तलावाचं पाणी आटलेलं असतं, काठाजवळ तबकडी दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकते. असं वाचन 'इतकी खोली' असं न लिहिता 'यापेक्षा जास्त' असं लिहायचं असतं. चारांपैकी दोन गटांनी तळालाच पारदर्शकता समजून लिहून टाकलं. तिसरी गोष्ट दोरी. सुती दोरी भिजली की लांबी बदलते. नायलॉनची घ्यावी, दर १० सेंटीमीटरला खूण. तबकडीखाली अर्धा किलोचं वजन हवं, नाहीतर वाऱ्याने दोरी तिरकी जाते. तिरकी गेलीच तर कोन मोजून कोसाइनने गुणावं. ३० अंशांच्या तिरकेपणात एक मीटर दोरी म्हणजे ८७ सेंटीमीटर खोली. दहावीच्या त्रिकोणमितीचा इतका नेटका उपयोग हाताशी असताना तो कुणी केला नाही, याचं वाईट वाटतं.

प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायची जाळी मुलांनी घरीच शिवली. विणकराच्या घरातली दोन मुलं इथे शिक्षकांच्या पुढे गेली. कापडाच्या एका सेंटीमीटरमध्ये ६० धागे असतील तर एका धाग्यापासून पुढच्यापर्यंत १६७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धागाच ६० मायक्रॉन जाडीचा असेल तर भोक १०७ मायक्रॉनचं. भिंगातून धागे मोजायची सवय त्या मुलांना होतीच, रीड आणि पिक हे धाग्यांच्या दाटीचे शब्द घरात रोज कानावर पडतात. बाकीच्यांनी धाग्याची जाडी वजाच केली नाही. जाळीचं तोंड ३० सेंटीमीटर व्यासाचं, होडीमागे ५० मीटर ओढलं की गाळलं गेलेलं पाणी साडेतीन घनमीटर. बाटलीत जमलेल्या १०० मिलिलिटरपैकी एका मिलिलिटरमध्ये ८४ जीव दिसले, तर घनमीटरला सुमारे २,४००. हा हिशेब सगळ्यांना जमला. जाळी गाळाने तुंबली की पाणी आत न जाता बाजूने वाहतं, म्हणजे साडेतीन घनमीटर हा आकडा वरचा आहे आणि २,४०० हा खालचा, एवढं एक वाक्य जोडायला हवं होतं. लाइफ जॅकेट सगळ्यांना होती, होडीत एका वेळी सहाच जण. सुरक्षेबाबत तक्रार नाही.

माशांची लांबी आणि वजन हा तास चिलापीवर झाला, उजनीची ती स्वस्त आणि कधीही मिळते. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट, म्हणजे घन. नववीला लॉगॅरिथम येत नाही, तरी लॉगचा आलेख कागद वापरून सरळ रेषेचा उतार तीनच्या जवळ येतो हे दाखवलं. काहींनी शेपटीच्या टोकापर्यंत, काहींनी मांसल भाग संपतो तिथपर्यंत मोजलं, म्हणून बिंदू विखुरले. आधी एकच पद्धत ठरवून घ्यावी. शाकाहारी घरच्या मुलांना आकड्यांचा छापील तक्ता दिला होता, कुणावर बळजबरी नाही. ही समज चांगली.

आता रत्नागिरी. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट: अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, रात्री नऊला निघालेली बस पहाटे उतरवते. घाटात ओकारी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. डब्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरं काही टिकत नाही. मुक्काम, जेवण, स्वच्छतागृहं ठीकठाक. मुलींची राहण्याची सोय वेगळी, बरोबर दोन बाया होत्या. झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा यात अर्धा दिवस छान जातो.

शिबिराचं मुख्य काम मात्र खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या किनाऱ्याच्या खडकांवर होतं, आणि तिथेच माशी शिंकली. मुक्काम सप्तमी ते नवमी ठेवला होता. आता पाऊणपटीचा आडाखा लावा. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या पुढे. म्हणजे खडकावर जायची वेळ ऐन दुपारची. शिवाय अष्टमी म्हणजे भांग. चंद्र-सूर्य काटकोनात, पाणी चढत कमी आणि उतरतही कमी. खडपाचा खालचा पट्टा, जिथे समुद्रफुलं, खेकडे, स्पंज, नाना रंगांचं शेवाळ असतं, तो पाण्याबाहेर आलाच नाही. मुलांना दिसली ती वरच्या पट्ट्यातली कालवं, बार्नॅकल आणि खडकाला चिकटलेले बारके शंख. विनोद असा की हे मुलांनी चौथ्या दिवशीच स्वतःच्या आलेखावर बघितलं होतं. एका गटाने तसं विचारलंही. उत्तर मिळालं, 'बुकिंग झालंय.' चार दिवस भरती शिकवून भांगाच्या दिवशी सहल नेणं म्हणजे दिवा हातात घेऊन खड्ड्यात पडणं.

बरोबर दिवस कोणते? अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर तिथीच्या एक-दोन दिवस मागून येतो. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेसात. उजेड आहे, ऊन नाही, खडप उघडं आहे. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, पाण्याच्या मागोमाग खाली जायचं, पाणी वळलं की निघायचं. पाणी सुरुवातीला हळू चढतं, मधले दोन तास झपाट्याने. सहा तासांत एकूण चढणीचे बारा भाग केले तर १, २, ३, ३, २, १ असे. हाही कोसाइनचाच आडाखा, आणि जीव वाचवणारा. समुद्राकडे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही, ही सूचना शिक्षकांनी सतत दिली, ते बरं केलं. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीच बंद असते, दर्या खवळलेला. म्हणजे मे महिन्यातले असे दोन मुहूर्तच हाताशी असतात. शिबिराच्या तारखा त्यांवरून मागे मोजून ठरवाव्यात. हॉलच्या सोयीने नव्हे.

एवढं होऊनही चौकट टाकून मोजणीचा तास वाया गेला नाही. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ५० सेंटीमीटरची चौकट, चार एल्बो, दर १० सेंटीमीटरला दोरा, आत पंचवीस घरं. पाइपला भोकं पाडून ठेवावीत, नाहीतर पोकळ चौकट पाण्यावर तरंगते. चौकट कुठे ठेवायची ते फाशांनी ठरवायचं. हवेत भिरकावली की ती नकळत शंख जास्त दिसतात तिकडेच जाते. एका गटाच्या दहा चौकटी अशा: ०, २, ०, ३७, ५, ०, ६१, ३, ०, १२. सरासरी १२, मध्यक अडीच. पुस्तकात सरासरी आणि मध्यक जवळपास असतात, इथे पाचपट फरक. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले त्याचं माप) २०.६, त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीतली चूक साडेसहा. शंख सगळीकडे सारखे नसतात, भेगांत आणि ओलीत गोळा होतात, हे त्या आकड्यांतूनच वाचता आलं. दहा चौकटी कमी पडतात. चूक निम्म्यावर आणायला चाळीस लागतील, हे वर्गमुळाचं गणित मुलांनी तिथेच वाळूत केलं. दोन काठ्या आणि क्षितिज वापरून किनाऱ्याचा उतार मोजणंही झकास झालं. सोलापुरात त्याची तालीम गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने झाली होती. नळीत बुडबुडा राहिला की दोन टोकं कधीच जुळत नाहीत, तो आधी काढा.

जिवंत शंख, प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांतलं काहीही उचलून आणायला सक्त मनाई होती. प्रवाळ आणि समुद्रघोड्याला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एका मुलाच्या पिशवीत शंख निघाला, तो खेकड्यासकट परत सोडला गेला. नीट केलं.

पातळीबद्दल. आठवी झालेल्या मुलाला कोसाइनचे दिवस जड जातात. एक वर्ष थांबावं. दहावीची परीक्षा दिलेल्यांना हे शिबिर सर्वांत जास्त लाभतं, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी ताजी असते. टिपणं सगळी इंग्रजीत, बोलणं मराठीत. गटांत तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलंही होती, त्यांचं मराठी फर्डं; अडलं ते टिपणांच्या इंग्रजीवर. उधाण, भांग, कालवं, खडप असे शब्द असलेलं चार पानांचं मराठी टिपण हाती दिलं असतं तर निम्मे प्रश्न कमी झाले असते. ऑलिंपियाडच्या तयारीसाठी पाठवत असाल तर नका पाठवू, ती कोडी इथे नाहीत. आणि जाहिरातीत 'सागरशास्त्रज्ञ व्हा' असं छापलं होतं ते पंधरा दिवसांत कुणी होत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादला समुद्री माहितीचं राष्ट्रीय केंद्र आहे, ही माहिती शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत उरकली. यातलं हैदराबाद सोलापूरला कोकणापेक्षा दूर नाही, रेल्वेने सरळ जाता येतं. एक दिवस तिकडे वळवायला हरकत नव्हती.

पैशांचा हिशेब: शुल्कातला मोठा वाटा बस आणि मुक्कामाचा. फक्त सोलापूरचे बारा दिवस, सहल वगळून, कमी शुल्कात घेण्याचा पर्याय ठेवावा. त्या बारा दिवसांचं मोल पुरेपूर आहे. पंचवीस मुलांना दोन शिक्षक पुरत नाहीत, खडपावर तर नाहीच. आठांमागे एक हवा.

सामानाच्या यादीत 'फ्लोटर्स' लिहिलं होतं, ते खोडा. ओल्या शेवाळावर ते घसरतात आणि कालवांची धार तळवा कापते. जाड तळाचे, मागून बंद असलेले जुने कॅनव्हासचे बूट द्या, मोज्यांसह. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, दोन लिटरची बाटली, साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर, पेन्सिली (शाई खाऱ्या पाण्यात पसरते), आणि वहीवर घालायला प्लास्टिकची पिशवी. पंचांग मुलाला नको, तुम्ही स्वतः बघा, आणि मुक्कामाचा मधला दिवस द्वितीया किंवा तृतीया नसेल तर आयोजकांना फोन करून कारण विचारा.